कायद्यातली फट आणि मुलांचा श्वास

(पंजाबातल्या डेराबस्सी इथं मराठी कुटुंबांसमोर दिलेल्या स्मृतिव्याख्यानाचा मुद्रित पाठ)



ज्या सरांच्या स्मृतीसाठी आपण दरवर्षी जमतो, त्यांनी उभं आयुष्य शाळेत रसायनशास्त्र शिकवलं. मी वकील आहे, रसायनशास्त्र हे काही माझं क्षेत्र नव्हे. पण मुलांसंबंधीच्या कायद्याचं काम करताना पालक एक प्रश्न मला पुन्हा पुन्हा विचारतात. त्याचं एक टोक कायद्यात आहे, तर दुसरं रसायनात. ‘आमचा मुलगा व्हाइटनर हुंगताना सापडला. हा गुन्हा आहे का?’

उत्तर एका शब्दाचं आहे : नाही. ते ऐकलं की पालकांना हायसं वाटतं. पोलीस नाहीत, कोर्ट नाही, म्हणजे गोष्ट किरकोळ असणार, असं ते धरून चालतात. आज मला बोलायचं आहे ते या समजुतीबद्दल. कायद्यानं मुलाला गुन्हेगार ठरवलेलं नाही, हे योग्यच झालं. पण कायद्यानं ज्यांना अडवायला हवं होतं, त्यांनाही पुरतं अडवलेलं नाही, आणि या दोन्ही गोष्टींचा घातक अर्थ आपण एकच लावतो : काळजीचं कारण नाही.

सभागृहात शाळकरी मुलं बसली आहेत याचं मला भान आहे. म्हणून घरातल्या कोणकोणत्या वस्तू हुंगल्या जातात याची यादी मी देणार नाही, आणि कशा हुंगतात हे तर मुळीच सांगणार नाही. शाळांमध्ये काही वेळा नशाविरोधी भाषणाच्या नावाखाली नेमकी हीच माहिती दिली जाते. ज्याला ठाऊक नव्हतं त्यालाही त्या दिवशी ठाऊक होतं. जी नावं कायद्यात, सरकारी आदेशात आणि उघड चर्चेत आलेली आहेत, तेवढीच मी घेईन.

पंजाबात नशा म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांपुढं चिट्टा (हेरॉइन) येतो. ते स्वाभाविकही आहे. चिट्ट्यानं या राज्यातली घरंच्या घरं उद्ध्वस्त केली आहेत. पण त्यामुळे एक गोष्ट झाकली गेली. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्समधल्या राष्ट्रीय व्यसनोपचार केंद्रानं देशव्यापी सर्वेक्षण केलं आणि 2019 मध्ये त्याचा अहवाल प्रसिद्ध झाला. 186 जिल्हे, दोन लाखांवर घरं आणि पावणेपाच लाखांच्या आसपास माणसांच्या मुलाखती, एवढा त्याचा आवाका होता. दारू, गांजा, अफू, गोळ्या या सगळ्यांत मोठ्या माणसांचं प्रमाण मुलांपेक्षा जास्त निघालं. एकाच प्रकारात ते उलटं निघालं. हुंगण्याच्या पदार्थांचं प्रमाण मोठ्यांमध्ये 0.58 टक्के होतं आणि 10 ते 17 या वयात 1.17 टक्के, म्हणजे दुप्पट. ज्यांना या सवयीतून बाहेर पडायला मदतीची गरज आहे अशी मुलं देशात सुमारे 4 लाख 60 हजार असल्याचा अंदाज त्या अहवालात आहे. अशा मुलांची संख्या सर्वांत मोठी असलेली पाच राज्यं म्हणजे उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश, महाराष्ट्र, दिल्ली आणि हरियाणा. आपण जिथून आलो ते राज्य या यादीत आहे, आणि इथून थोडं पुढं गेल्यावर ज्या राज्याची हद्द लागते तेही आहे.

ही सगळी मुलं रेल्वे फलाटावरची आहेत, असं मात्र समजू नका. मुंबई, नागपूरच्या स्टेशनांवर पंक्चरचं सोल्युशन घेऊन बसलेली मुलं आपण पाहिलेली असतात, आणि म्हणून हा प्रश्न ‘त्यांचा’ आहे असं आपल्याला वाटतं. चंदीगडच्या पीजीआय या वैद्यकीय संस्थेत 1988 पासून व्यसनोपचार केंद्र आहे. तिथले मानसोपचारतज्ज्ञ देबाशिष बसू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2004 मध्ये एका भारतीय वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं की किशोरवयीन मुलांमधलं हुंगण्याचं व्यसन हे भारतातल्या डॉक्टरांपुढचं नवं आव्हान आहे. 2008 मध्ये त्याच संस्थेतून आलेल्या दुसऱ्या एका अभ्यासात, केंद्रात आलेल्या अशा रुग्णांची माहिती आहे. त्यातले बहुतेक जण शहरी होते, मध्यमवर्गीय घरांतले होते, दहावी किंवा त्यापुढं शिकलेले होते. सर्वांत जास्त वापर होता टंकलेखनातल्या चुका पुसायच्या पांढऱ्या द्रवाचा. म्हणजे दप्तरातच मिळणाऱ्या वस्तूचा. इथून तासाभराच्या अंतरावरच्या दवाखान्यात हे नोंदलं गेलं, त्यालाही आता बरीच वर्षं झाली.

आता शरीरात काय घडतं ते पाहू. इथं मी थोडा रेंगाळणार आहे, कारण सगळ्यांत मोठा गैरसमज याच ठिकाणी आहे.

1847 च्या नोव्हेंबरात एडिंबरोच्या जेम्स यंग सिम्पसन यांनी भुलीसाठी क्लोरोफॉर्म वापरायला सुरुवात केली. त्यानंतर तीन महिनेही झाले नव्हते. 28 जानेवारी 1848 रोजी न्यूकॅसलजवळच्या विन्लॅटन गावात हॅना ग्रीनर नावाच्या मुलीच्या पायाच्या बोटाचं नख काढायचं होतं. मुलगी 15 वर्षांची होती. शस्त्रक्रिया क्षुल्लक होती. डॉक्टरांनी तिला कापडावरून क्लोरोफॉर्म हुंगायला दिला आणि दोन-तीन मिनिटांत ती गेली. क्लोरोफॉर्मच्या भुलीनं झालेला हा नोंदलेला पहिला मृत्यू.

धडधाकट मुलगी अशी एकाएकी का मेली, यावर पुढं साठ वर्षं वाद चालला. श्वास आधी थांबतो की हृदय? या वादाचा एक मोठा अध्याय आपल्याकडं घडला. मराठवाडा ज्या निजामाच्या राज्यात होता, त्या हैदराबादेत एडवर्ड लॉरी हे रेसिडेन्सीचे सर्जन होते. हृदयाला काही होत नाही, फक्त श्वासावर लक्ष ठेवा, असं त्यांचं ठाम मत होतं. ते सिद्ध करायला निजामाच्या पैशानं 1888 आणि 1889 मध्ये दोन आयोग बसले. दुसऱ्यासाठी ‘लॅन्सेट’ या नियतकालिकानं लंडनहून लॉडर ब्रंटन यांना पाठवलं. रूपाबाई फरदुनजी या पारशी डॉक्टर त्या कामात होत्या, आणि भूलतज्ज्ञ म्हणून काम करणाऱ्या जगातल्या पहिल्या काही स्त्रियांमध्ये त्यांचं नाव घेतलं जातं. शेकडो प्राण्यांवर प्रयोग झाले. निष्कर्ष निघाला तो लॉरींच्या बाजूनं : हृदय सुरक्षित आहे.

तो निष्कर्ष चुकीचा होता. 1911 मध्ये गुडमन लेव्ही यांनी मांजरांवरच्या प्रयोगांतून दाखवलं की हलक्या भुलीत असलेल्या प्राण्याच्या रक्तात अॅड्रिनलिन सोडलं, तर हृदयाची लय एकदम विसकटते, ठोके पडायचे थांबून नुसती थरथर उरते आणि प्राणी मरतो. अॅड्रिनलिन म्हणजे भीतीच्या, दचकण्याच्या, धावण्याच्या वेळी आपलं शरीर स्वतःच सोडतं ते रसायन. आणि एक गोष्ट विशेष लक्षात घ्या : हा मृत्यू गाढ भुलीत येत नव्हता, भूल हलकी असताना येत होता. हॅना ग्रीनर घाबरलेली होती, आणि तिची भूल नुकती चढत होती.

या जुन्या गोष्टीचा आपल्या मुलांशी थेट संबंध आहे. 1970 मध्ये अमेरिकेतले डॉक्टर मिलार्ड बास यांनी 110 तरुण मुलामुलींच्या मृत्यूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. यांपैकी कुणीही गुदमरून मेलेलं नव्हतं. त्यांनी घरगुती वापरातली बाष्पं हुंगली, त्यानंतर अनेकांनी काही श्रम केले किंवा ती कशानं तरी घाबरली, आणि जागच्या जागी कोसळली. शवविच्छेदनात मृत्यूचं कारण सापडेना. बास यांनी या प्रकाराला दिलेलं नाव वैद्यकात अजून टिकून आहे. मराठीत सरळ सांगायचं तर हुंगताना अचानक येणारा मृत्यू. कारण तेच, लेव्हींनी दाखवलेलं. या वस्तूंतल्या द्रावकाची वाफही क्लोरोफॉर्मसारखीच हृदयाला अॅड्रिनलिनच्या बाबतीत हळवं करून ठेवते, आणि मग एका दचकण्याचं निमित्त पुरतं.

यातून तीन गोष्टी निघतात, त्या मी सावकाश सांगतो. पहिली : हे पहिल्याच वेळी होऊ शकतं. ‘एकदाच करून पाहिलं’ याला इथं काही अर्थ नाही. दुसरी : ‘थोडंसंच घेतलं’ यालाही अर्थ नाही, कारण धोका हलक्या नशेतच आहे. तिसरी गोष्ट आपल्यासाठी, मोठ्यांसाठी : मूल हुंगताना दिसलं तर त्याच्या अंगावर ओरडू नका, त्याच्यामागं धावू नका, त्याला मारू तर मुळीच नका. तुमच्या रागानं त्याच्या शरीरात जे अॅड्रिनलिन सुटेल, तेच त्याचा जीव घेऊ शकतं. शांतपणे जवळ जा, खिडक्या-दारं उघडा, त्याला मोकळ्या हवेत न्या, बसवून ठेवा. बेशुद्ध असेल तर कुशीवर वळवा आणि 108 किंवा 112 ला फोन लावा. रागवायला उद्याचा दिवस आहे.

जी मुलं लगेच मरत नाहीत त्यांचं काय होतं, ते थोडक्यात. ही द्रावकं चरबीत विरघळतात आणि मेंदूत चरबी भरपूर असते. फुफ्फुसातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत जायला त्यांना काही सेकंद पुरतात. टोल्युइन, जे रंगात, थिनरमध्ये, चिकटद्रव्यांत असतं, ते मज्जातंतूंवरच्या चरबीयुक्त आवरणाचा नाश करतं. हे आवरण माणसाच्या मेंदूत विशीच्या मध्यापर्यंत तयार होत असतं. म्हणजे ज्या वयात ते बनत असतं, त्याच वयात मुलं ते विरघळवत असतात. दीर्घकाळ हुंगणाऱ्यांची चाल डळमळते, हात कापतात, ऐकू कमी येतं, आठवण राहत नाही. टोल्युइन मूत्रपिंडाचंही नुकसान करतं. रक्तातलं पोटॅशियम इतकं घसरतं की हातपाय लुळे पडलेला तरुण तातडीच्या विभागात आणला जातो आणि कारण कळायला वेळ लागतो. काही चिकटद्रव्यांतल्या हेक्झेनमुळे पायांच्या नसा जातात. आधी मुंग्या, मग बधिरपणा, मग अशक्तपणा. यातलं काही नुकसान सवय सुटल्यावर भरून येतं, काही येत नाही. आणि यावर उतारा म्हणून देता येईल असं एकही औषध नाही.

हे सगळं डेराबस्सीत सांगायचं एक खास कारण आहे. आपल्यापैकी अनेक जण इथल्या औषधांच्या आणि रसायनांच्या कारखान्यांत काम करतात. टोल्युइन तुम्हाला परकं नाही. ड्रमवर काय लिहिलेलं असतं, मुखवटा केव्हा लावायचा, एग्झॉस्ट बंद असेल तर काम का थांबवायचं, हे तुम्ही मला शिकवाल. 1948 च्या कारखाना कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत हवेतल्या टोल्युइनची मर्यादा घालून दिलेली होती : आठ तासांच्या पाळीत सरासरी दहा लाख भाग हवेत 100 भाग, आणि थोड्या वेळासाठी 150. ही मर्यादा निरोगी, प्रौढ, प्रशिक्षण घेतलेल्या कामगारासाठी. हुंगणारं मूल एका श्वासात जे घेतं, ते हजारांच्या घरात असतं. कारखान्याच्या फाटकाच्या आत ज्या रेणूवर निरीक्षक, नोंदवही, मुखवटा आणि दंड यांचा पहारा आहे, तोच रेणू फाटकाबाहेर स्टेशनरीच्या आणि हार्डवेअरच्या दुकानात कुणाच्याही हातात पडतो. रेणू तोच, फुफ्फुसं मात्र कोवळी. मला हा अन्याय वाटतो, आणि तो दूर करायची ताकद इथं बसलेल्या माणसांत इतर कुठल्याही गावातल्या माणसांपेक्षा जास्त आहे असंही वाटतं.

आता माझ्या क्षेत्राकडं येतो.

अमली पदार्थांचा मुख्य कायदा 1985 चा, ज्याला आपण एनडीपीएस म्हणतो. तो अफू, गांजा, कोका आणि अनुसूचीत नाव असलेल्या मनोप्रभावी पदार्थांना लागू होतो. व्हाइटनर, थिनर, पंक्चरचं सोल्युशन यांची वाफ घेणं त्यात येत नाही. याला कारणही समजण्यासारखं आहे. हेरॉइन बाळगण्याचं कुठलंही सरळ कारण नसतं. थिनर मात्र रंगाऱ्याकडं असतो, सोल्युशन सायकलवाल्याकडं असतं. बाळगण्यालाच गुन्हा ठरवलं तर निम्मा बाजार तुरुंगात जाईल.

म्हणून कायद्यानं दुसरी वाट धरायला हवी होती, आणि काही प्रमाणात ती धरली. 2012 च्या जुलैत केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं बाटलीतलं व्हाइटनर आणि त्याच्या सोबतचं थिनर यांच्या किरकोळ विक्रीला मनाई करणारा आदेश काढला. थोडाच द्रव झिरपतो अशा पेनसारख्या साधनातून ते विकायला परवानगी राहिली, तीही धोक्याची सूचना छापून. हा विचार मला फार मोलाचा वाटतो. यात मुलाला शिक्षा नाही, शिक्षकाची अडचण नाही, कारकुनाचं काम अडत नाही. फक्त एका वेळी हातात येणारी वाफ कमी होते. पण तो आदेश एका वस्तूपुरता होता. ती वस्तू सरकली तर मूल दुसऱ्या वस्तूकडं सरकतं.

2015 चा बाल न्याय कायदा मुलांच्या बाजूनं अधिक स्पष्ट बोलतो. नशेच्या जाळ्यात ओढलं जाण्याची शक्यता असलेलं मूल, कलम 2 च्या व्याख्येनुसार, काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं मूल आहे. त्याला बाल न्याय मंडळापुढं आरोपी म्हणून उभं करायचं नसतं. चोवीस तासांच्या आत त्याला जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीपुढं न्यायचं असतं, आणि तिथून समुपदेशनाची, उपचारांची सोय व्हायला हवी. शिपायानं मुलाची बाटली हिसकावून दोन थपडा देऊन हाकलून देणं ही कायद्याची अंमलबजावणी नव्हे, तो कायद्याचा भंग आहे. वर सांगितलेल्या वैद्यकीय कारणानं तो जिवावरही बेतू शकतो.

याच कायद्याचं कलम 77 मुलाला नशा देणाऱ्याविषयी आहे. मुलाला दारू, अमली पदार्थ, तंबाखूजन्य पदार्थ किंवा मनोप्रभावी पदार्थ दिला तर सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड. आधीच्या 2000 च्या कायद्यात ही शिक्षा तीन वर्षांपर्यंतच होती. ती वाढवली, चांगलं झालं. पण ती चार नावं पुन्हा ऐका. दारू, अमली पदार्थ, तंबाखू, मनोप्रभावी पदार्थ. टोल्युइन यांपैकी काय आहे? काहीच नाही. शाळेसमोरच्या दुकानदारानं तंबाखूची पुडी दिली तर त्याला सात वर्षं, आणि रोज संध्याकाळी त्याच मुलाला, काय चाललं आहे हे पुरतं ठाऊक असताना, सोल्युशनची ट्यूब दिली तर या कलमाखाली त्याला हात लावणं कठीण. मी ज्याला फट म्हणतो ती हीच.

दुसरी फट 2021 च्या दुरुस्तीनं पडली, ती 1 सप्टेंबर 2022 पासून लागू झाली. तीन ते सात वर्षांच्या शिक्षेचे गुन्हे त्या दुरुस्तीनं अदखलपात्र केले. अदखलपात्र म्हणजे काय हे महाराष्ट्रातल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. पोलीस एनसी घेतात, कागद तुमच्या हातात देतात आणि न्यायदंडाधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय तपास सुरू होत नाही. पंजाब आणि चंदीगडसह काही ठिकाणच्या बालहक्क आयोगांनी या दुरुस्तीवर आक्षेप घेतला आणि दिल्लीचा आयोग सर्वोच्च न्यायालयात गेला. मला हा आक्षेप पूर्णपणे पटतो. ज्या कलमाची शिक्षा आपण सात वर्षांवर नेली, त्याचाच तपास आपण कठीण करून ठेवला, यात मुलांचं हित कुठं आहे ते मला दिसत नाही.

त्याआधी, 14 डिसेंबर 2016 रोजी, ‘बचपन बचाओ आंदोलन’ या संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं सरकारला तीन गोष्टी सांगितल्या होत्या : मुलांमधल्या व्यसनाचं राष्ट्रीय सर्वेक्षण करा, कृती आराखडा तयार करा, शालेय अभ्यासक्रमात या विषयाला जागा द्या. सर्वेक्षण झालं, त्याचे आकडे मी सुरुवातीला दिले. अभ्यासक्रमाचं काय झालं, ते आपल्या मुलांची पुस्तकं उघडून बघा.

दुसऱ्या देशांनी काय केलं याची दोन-तीन उदाहरणं देतो, कारण त्यांत आपल्या कामाचं काही आहे.

ग्लासगोमध्ये 1983 मध्ये दोन दुकानदारांवर खटला झाला. ते मुलांना हुंगण्यासाठी लागणारं सगळं सामान एकत्र बांधून विकत होते. त्यांचं म्हणणं असं की यातली एकही वस्तू बेकायदा नाही. स्कॉटलंडच्या उच्च न्यायालयानं ते ऐकलं नाही. वस्तू कायदेशीर असली तरी तिचा वापर कशासाठी होणार हे जाणून ती मुलाच्या हाती देणं म्हणजे त्या मुलाला इजा करणं आहे, असं न्यायालयानं धरलं. पाठोपाठ इंग्लंडनं 1985 मध्ये स्वतंत्र कायदाच केला : अठरा वर्षांखालच्या मुलाला असा पदार्थ, तो नशेसाठी वापरला जाईल हे ठाऊक असताना किंवा तसं वाटायला कारण असताना, विकणं हा गुन्हा. रंगाऱ्याला त्रास नाही, सायकलवाल्याला त्रास नाही. आपल्या कलम 77 मध्ये नेमकं हेच एक वाक्य हवं आहे.

तरी ब्रिटनमध्ये 1990 मध्ये या कारणानं 152 मृत्यू झाले. 1992 मध्ये तिथल्या आरोग्य खात्यानं मोहीम काढली ती मुलांना उद्देशून नव्हती, पालकांना उद्देशून होती. 1999 मध्ये लायटरचा गॅस अठरा वर्षांखालच्यांना विकायला बंदी आली. पुढच्या वर्षांत मृत्यूंची संख्या बरीच खाली आली. ऑस्ट्रेलियानं आणखी वेगळं केलं. मध्य ऑस्ट्रेलियातल्या आदिवासी वस्त्यांमधली मुलं पेट्रोल हुंगत. उपदेश करून झाला, पोलीस पाठवून झाले. शेवटी 2005 पासून त्या भागात असं पेट्रोल पुरवायला सुरुवात झाली ज्यात नशा आणणारे घटक अगदी कमी होते. गाड्या पूर्वीसारख्याच चालल्या आणि हुंगणं झपाट्यानं घटलं. ते काम रसायन अभियंत्यांनी केलं. इथं बसलेल्या अभियंत्यांना माझं सांगणं आहे की चिकटद्रव्यातलं टोल्युइन काढून पाण्यावर आधारलेलं द्रव्य बनवता येतं, ती उत्पादनं बाजारात आहेत. प्रश्न किमतीचा आहे आणि आग्रहाचा आहे.

घराबद्दल थोडं बोलतो. मूल हुंगतं आहे हे कळतं कसं? कपड्यांना, श्वासाला रसायनाचा वास येतो. डोळे लाल होतात, ओठांभोवती पुरळ येतं, बोटांवर रंगाचे डाग दिसतात. सकाळी डोकं दुखतं, जेवण नको वाटतं, चिडचिड वाढते, अभ्यासात एकाएकी घसरण होते. यातली एकेक गोष्ट पौगंडावस्थेत कुणाचीही असू शकते, म्हणून एका खुणेवरून मुलावर आरोप करू नका. तीन-चार एकत्र दिसल्या तर मात्र डोळेझाक करू नका. आणि नातेवाईकांत बोभाटा होईल म्हणून थांबू नका. परप्रांतात राहणाऱ्या घरांत ही भीती जास्त असते, कारण आपली माणसं मोजकी, एकमेकांना ओळखणारी. आईवडील दोघंही पाळीत, घरात आजी-आजोबा नाहीत, शेजारी वेगळी भाषा बोलणारे. अशा घरातल्या मुलाचं एकटेपण आपण मोजत नाही.

पुण्याच्या मुक्तांगणचा अनुभव मराठी माणसाला माहीत आहे. 29 ऑगस्ट 1986 रोजी डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी ते सुरू केलं, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीचा त्यात मोठा वाटा होता. गर्दच्या, म्हणजे ब्राउन शुगरच्या, विळख्यातल्या मुलांना त्या काळात समाज गुन्हेगार म्हणत होता, तेव्हा या दांपत्यानं त्यांना रुग्ण म्हणून आणि माणूस म्हणून वागवलं. अनिताताई आजारी असतानाही हे काम करत राहिल्या. हुंगणाऱ्या मुलाला लागतं ते हेच : न ओरडता ऐकून घेणारं कुणीतरी, आणि पाठीशी नीट उपचार. इथं ते पीजीआयमध्ये मिळतात. राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइनचा क्रमांक 14446 आहे आणि मुलांसाठीचा 1098. दोन्ही फोन मोफत आहेत. तिथं फोन केला म्हणून मुलावर गुन्हा दाखल होत नाही, आणि मी सुरुवातीला दिलेल्या एका शब्दाच्या उत्तराचा खरा उपयोग हाच आहे. गुन्हा नाही, म्हणून लपवायचं कारण नाही. म्हणून आजच बोला.

आता तुमच्याकडं मागणं. सभागृहाबाहेर टेबलावर एक निवेदन ठेवलं आहे. त्यात दोनच मागण्या आहेत. बाल न्याय कायद्याच्या कलम 77 मध्ये, नशेसाठी वापरलं जाणार हे जाणून मुलाला दिलेली हुंगण्याची द्रव्यं समाविष्ट करावीत; आणि हा गुन्हा पुन्हा दखलपात्र करावा. हे निवेदन केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाकडं आणि पंजाबच्या बालहक्क आयोगाकडं जाईल. वाचा, पटलं तर सही करा. ज्यांची दुकानं आहेत त्यांनी थिनर आणि सोल्युशन काउंटरच्या मागं ठेवायला उद्यापासूनच सुरुवात करावी. त्यासाठी कायदा बदलायची वाट पाहायची गरज नाही. आणि जे कारखान्यात काम करतात त्यांनी आज घरी गेल्यावर आपल्या मुलांना मुखवटा दाखवावा आणि आपण तो का घालतो ते सांगावं.